शीतनिद्रेतून उठणारा संगणक आणि ओळखीचा प्रश्न

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, चेंगलपट्टू जिल्ह्यात सिरुसेरी हे गाव आहे. आज हे नाव घेतले की डोळ्यांपुढे उभे राहते ते सिपकॉटचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा परिसर याच भागात आहे आणि कार्लोस ऑट या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची विस्तीर्ण वास्तूही येथेच आहे. ही संस्था १९६८ साली मुंबईत सुरू झाली. साहजिकच पुण्या-नागपुराकडून नोकरीसाठी इकडे येणाऱ्या मराठी तरुणांचा या रस्त्यावरचा राबता जुनाच म्हटला पाहिजे. सायंकाळी कचेरी सुटते तेव्हा येथे एक क्रिया हजारो हातांकडून घडते आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. मेजावरच्या डॉकिंग स्टेशनमधून लॅपटॉप काढून घेतला जातो. मोठा पडदा, कळफलक, माउस, जाळ्याची तार ही सारी मेजावरच राहतात. यंत्र झाकण मिटून पिशवीत जाते. रात्री केळंबाक्कम किंवा पडूर येथील भाड्याच्या खोलीत झाकण उघडले की अर्धवट लिहिलेले वाक्य जिथे सोडले होते तिथेच, शेवटच्या अक्षरापुढे कर्सर लुकलुकत असलेले दिसते.

यात नवल वाटण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. नवल असे की, जे यंत्र निजले ते आणि जे यंत्र उठले ते एकच आहे, हे मधल्या काळात कोणीतरी ठरवलेले असते. निजताना यंत्राला दोन पडदे होते, उठताना एक आहे. निजताना तारेचे जाळे होते, उठताना नाही. इतका फरक पडूनही ते ‘तेच’ यंत्र मानले गेले. मग किती फरक पडला म्हणजे ते ‘दुसरे’ मानावयाचे? साहित्याच्या आणि दर्शनांच्या अभ्यासकांना हा प्रश्न मुळीच नवा नाही. नवी आहे ती इतकीच गोष्ट की, येथे त्याचे उत्तर एका यंत्राला, काही क्षणांत आणि मनुष्याला न विचारता द्यावे लागते.

प्रथम ही निद्रा कोणत्या जातीची हे पाहणे अगत्याचे आहे. संगणकाच्या झोपेचे प्रकार एसीपीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विनिर्देशाने ठरवून दिले आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी तो डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. २०१३ पासून त्याची जोपासना यूईएफआय फोरम ही संघटना करते. या विनिर्देशानुसार जागृतावस्था म्हणजे एस-शून्य आणि पूर्ण बंद म्हणजे एस-पाच. मधल्या पायऱ्यांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. एस-तीन ही साधी झोप: यंत्राचा बहुतेक भाग निवतो, पण रॅम अर्थात तात्कालिक स्मृती हिला थोडीशी वीज मिळत राहते आणि त्यामुळे ती शाबूत राहते. एस-चार ही अवस्था मात्र निराळी आहे. तीत स्मृतीतील सारा मजकूर डिस्कवर एका प्रतिमेच्या रूपाने लिहून ठेवला जातो आणि मग वीज पूर्णपणे तोडली जाते. हिलाच हायबरनेशन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘हिवाळा काढणे’ असा आहे. मराठी शाळांतून बेडकाच्या संदर्भात शिकवला जाणारा ‘शीतनिद्रा’ हा शब्द त्याला नेमका लागू पडतो. सिरुसेरीला थंडी ठाऊक नाही ही गोष्ट वेगळी.

एस-तीन आणि एस-चार यांतील भेद केवळ विजेच्या बचतीचा नाही. साध्या झोपेत देहात धुगधुगी असते. देहाची अदलाबदल करू गेले तर ती धुगधुगीच विझते. शीतनिद्रेत मात्र देह पूर्णतः निष्प्राण असतो. तो कोणी उघडला, त्यातील रॅमची पट्टी बदलली, ग्राफिक्स कार्ड काढले, डिस्क उचलून दुसऱ्या यंत्रात बसवली, तरी निजलेल्याला त्याची गंधवार्ता नसते. डिस्कवरील प्रतिमा तशीच राहते आणि तिच्या लेखी जग त्याच क्षणी थांबलेले असते.

या प्रतिमेत काय असते? वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीत त्याचे अपुरे पत्र, उघडी पाने, जतन न केलेली टिपणे असतात. पण प्रतिमेचा एक अंश यंत्राच्या स्वतःविषयीच्या ज्ञानाचा असतो: आपल्याजवळ स्मृती किती, तिचा कोणता पत्ता वापरायचा आणि कोणता फर्मवेअरसाठी राखीव, कोणत्या खाचेत कोणते कार्ड आहे, त्याच्याशी कोणत्या पत्त्यावर बोलावयाचे. कार्यप्रणाली हे सारे सुरुवातीच्या क्षणी एकदा तपासते आणि पुढे गृहीत धरते. रोज सकाळी उठल्यावर आपल्याला दोन हात आहेत की नाहीत हे माणूस मोजून पाहत नाही, तसेच हे. म्हणूनच प्रतिमा जशीच्या तशी स्मृतीत परत भरली आणि देह मात्र बदललेला असला, तर कार्यप्रणाली नसलेल्या हाताने नसलेली वस्तू उचलू पाहते. याचा परिणाम बहुधा यंत्र तत्काळ कोलमडण्यात होतो. क्वचित ते कोलमडत नाही, आणि तो प्रकार अधिक वाईट.

गाढ झोपेतून उठणारा तोच की दुसरा, हा प्रश्न बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, नवव्या सूत्रात आला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यातील पूर्वपक्ष मोठा मार्मिक आहे. पाण्याचा एक थेंब जलाशयात टाकला आणि पुन्हा एक थेंब काढला, तर तो पहिलाच थेंब असेल असे कोण म्हणेल? सुषुप्तीत जीव ब्रह्माशी एकरूप होत असेल, तर उठताना तोच जीव उठतो याला आधार कोणता? सिद्धान्ती चार आधार देतो: कर्म, अनुस्मृती, शब्द आणि विधी. यांपैकी पहिले दोन येथे विशेष प्रस्तुत आहेत. आदल्या दिवशी अर्धे राहिलेले कर्म उठलेला मनुष्य पुढे चालू करून पूर्ण करतो. आणि आदल्या दिवशी पाहिलेले त्याला आठवते. एकाने आरंभलेले दुसरा पुरे करीत नाही, एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. म्हणून उठणारा तोच.

संगणकाला हे दोन्ही आधार पुरे पडत नाहीत. अपुरे कर्म आणि अनुस्मृती या दोन्ही गोष्टी डिस्कवरील प्रतिमेत आहेत. ती प्रतिमा परक्या यंत्रात भरली तरी तेथेही ते पत्र अपुरेच दिसेल आणि तेथेही कालचे सारे ‘आठवेल’. वेदान्त्यापुढील प्रश्नात देह तोच असतो आणि जीवाविषयी शंका असते. येथे स्मृती तीच असते आणि देहाविषयी शंका असते. प्रश्न उलटा झाल्यामुळे साक्षीदारही बदलावा लागतो. स्मृतीने स्वतःविषयी दिलेली साक्ष येथे निरुपयोगी ठरते, कारण ती गतकालीन देहाची साक्ष आहे. जो निजला नव्हता, किंवा निदान जो आत्ता नव्याने उठून देहाकडे पाहतो आहे, अशा तिसऱ्याचीच साक्ष घ्यावी लागते.

हा तिसरा म्हणजे फर्मवेअर, ज्याला जुन्या सवयीने बायोस असेही म्हटले जाते. वीज येताच कार्यप्रणालीच्या आधी हेच जागे होते, खाचा चाचपून पाहते, स्मृती मोजते. एसीपीआयने या साक्षीला एक ठरावीक जागा नेमून दिली आहे. फर्मवेअर स्मृतीत एफएसीएस नावाचा अवघ्या ६४ बाइटांचा एक तक्ता मांडते. त्यातील ४ बाइट ‘हार्डवेअर सिग्नेचर’ अर्थात यंत्ररचनेच्या मुद्रेसाठी राखून ठेवलेले असतात. यंत्राची मूलभूत रचना पाहून फर्मवेअर एक संख्या काढते आणि तेथे लिहिते. शीतनिद्रेत जाताना कार्यप्रणाली त्या वेळची मुद्रा प्रतिमेबरोबर टिपून ठेवते. उठताना नवी मुद्रा आणि टिपलेली मुद्रा ताडून पाहावयाच्या. त्या जुळल्या नाहीत, तर ही प्रतिमा निराळ्या यंत्ररचनेची आहे असे समजून ती परत भरू नये, असे विनिर्देश सांगतो.

मुद्रा हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला यावरून लगेच दुष्यंताची अंगठी आठवेल, आणि आठवावी हे योग्यच. पण तुलनेच्या दृष्टीने महाभारतातील शकुंतलोपाख्यान आणि कालिदासाचे नाटक शेजारी ठेवून पाहणे अधिक फलदायी ठरते. महाभारतात अंगठी नाही. राजाला सारे आठवते आहे, तरी भर सभेत तो नाकारतो आणि आकाशवाणी साक्ष देते तेव्हा स्वीकारतो. ओळख पटवण्याचे काम तेथे बाहेरच्या, सर्वज्ञ साक्षीदाराकडे आहे. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली आणि ओळखीचा सारा भार एका वस्तूवर टाकला. त्याचे दोन परिणाम झाले. अंगठी हरवल्याबरोबर खरी शकुंतला समोर असूनही नाकारली गेली. आणि अंगठी ज्याच्या हाती सापडली तो कोळी, राजाशी काहीएक नाते नसताना, चोर म्हणून धरला गेला. खूण आणि खुणेचा धनी या दोन गोष्टी एकदा वेगळ्या झाल्या की दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते: खऱ्याचा अव्हेर आणि परक्याशी भलताच संबंध जोडणे. यंत्ररचनेची मुद्रा या दोन्ही चुकांना पात्र आहे.

याचे कारण विनिर्देशाच्या एका सवलतीत आहे. ही मुद्रा फर्मवेअरने यथाशक्ती काढावी, इतकेच तो म्हणतो. ती कशी काढावयाची, तीत कोणते घटक धरावयाचे आणि कोणते वगळावयाचे, हे तो सांगत नाही. चार बाइटांत ४२९ कोटींहून अधिक निरनिराळ्या संख्या मावतात, तेव्हा अडचण जागेची नाही. अडचण ‘मूलभूत रचना’ या शब्दाच्या अर्थाची आहे. रॅमची पट्टी मूलभूत खरी. ग्राफिक्स कार्डही बहुधा मूलभूत. पण डॉकिंग स्टेशन? एखाद्या निर्मात्याने ते रचनेत धरले आणि दुसऱ्याने धरले नाही, तर दोघेही विनिर्देशाला धरूनच वागले असे म्हणावे लागेल.

सिरुसेरीच्या सायंकाळचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. लॅपटॉप डॉकमधून काढला की पुष्कळ यंत्रांची मुद्रा बदलते. विनिर्देशाचे अक्षरशः पालन करावयाचे ठरवले, तर कचेरीत निजलेले यंत्र घरी उठताच आपली सारी स्मृती टाकून देईल आणि कोऱ्या पाटीने सुरुवात करील. खरी शकुंतला रोज रात्री दारातून परत पाठवण्याचाच हा प्रकार. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या दस्तऐवजात यावर जे मत नोंदले आहे ते स्पष्टवक्तेपणामुळे वाचनीय झाले आहे. मुद्रा बदलल्यास उठण्यास नकार देणे हे विनिर्देशाशी सुसंगत आहे पण वास्तवाशी नाही, असा त्याचा आशय आहे. विंडोज तसे करीत नाही आणि पुष्कळ लॅपटॉप डॉकिंगमुळेही मुद्रा बदलतात, ही कारणे तेथे दिली आहेत. म्हणून लिनक्सने मधला मार्ग पत्करला. मुद्रा बदललेली दिसली तर इशारा नोंदवावयाचा, पण उठू द्यावयाचे. ज्याला काटेकोरपणा हवा असेल त्याने तसे स्पष्ट सांगावे. शास्त्र आणि रूढी यांचा झगडा झाला असता रूढी बलवत्तर ठरावी, हा धर्मशास्त्रकारांना परिचित असलेला न्याय येथे निराळ्या वेषात भेटतो.

तथापि सर्वच चौकशा इतक्या सैल ठेवून चालत नाही. प्रतिमा परत भरण्याची रीत लक्षात घेतली म्हणजे हे कळेल. लिनक्समध्ये वीज येताच प्रथम एक ताजा कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, नेहमीसारखा सुरू होतो. तो डिस्कवरील खूण पाहतो, तेथे प्रतिमा आहे असे त्याला आढळते, आणि मग तो चौकशीस बसतो. प्रतिमेच्या मस्तकावर निजलेल्या प्रणालीचे नाव, आवृत्ती, यंत्राचा प्रकार आणि स्मृतीच्या पानांची एकूण संख्या लिहिलेली असते. ही माहिती जुळली की तो प्रतिमेचे एकेक पान स्मृतीत आपापल्या जागी ठेवतो आणि शेवटी निजलेल्या प्रणालीकडे सूत्रे सोपवतो. त्या क्षणी तो स्वतः पुसला जातो. दार उघडून देताच दिसेनासा व्हावा असा हा द्वारपाल आहे. जाण्यापूर्वी तो आणखी एक काम करतो: प्रतिमेवरची खूण मोडून टाकतो, म्हणजे त्याच निद्रेतून दोनदा उठता येऊ नये. एकच प्रतिमा दोनदा भरली गेली तर काय होते, याचा विचार पुढे येईल.

पानांची नुसती संख्या जुळणे पुरेसे नाही, हे अनुभवाने कळले. स्मृती तितकीच, पण तिची मांडणी बदललेली, असे घडू शकते. फर्मवेअर कार्यप्रणालीच्या हाती स्मृतीचा एक नकाशा देते: या पत्त्यापासून या पत्त्यापर्यंतची जागा वापरावी, ही राखीव, इकडे फिरकू नये. फर्मवेअरची आवृत्ती बदलली किंवा एखादे उपकरण कमी-अधिक झाले की या सीमा थोड्या सरकतात. मग निजताना जी जागा आपली होती ती उठताना फर्मवेअरची झालेली असते, आणि द्वारपाल तेथे बिनदिक्कत जुने पान ठेवतो. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. २०१६ साली लिनक्समध्ये यावर उपाय आला. निजताना त्या नकाशाचा एक संक्षिप्त गणिती ठसा काढून प्रतिमेबरोबर ठेवावयाचा, उठताना नव्या नकाशाचा ठसा काढून ताडावयाचा, आणि जुळले नाही तर उठणे नाकारावयाचे. येथे मात्र रूढीला सवलत नाही. डॉक गेला तर काम चालते. पायाखालची जमीन सरकली तर चालत नाही.

या पहिल्या चौकशीतून पार पडलेली प्रणाली जागी होते तेव्हा हजेरीची दुसरी फेरी सुरू होते. प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला हाक दिली जाते. त्याने आपले उपकरण मूळच्याच स्थितीत आहे असे न समजता त्याला पुन्हा पहिल्यापासून कामास लावावे, अशी अपेक्षा असते, कारण मधल्या काळात वीज गेल्यामुळे उपकरणाला काहीच आठवत नसते. पीसीआय जातीच्या प्रत्येक कार्डावर निर्मात्याचा आणि उपकरणाचा क्रमांक कोरलेला असतो. खाच रिकामी असेल आणि तिला क्रमांक विचारला, तर उत्तरात सोळाच्या सोळा अंक एकच येतात. असा क्रमांक कोणत्याही निर्मात्याला दिला जात नाही. म्हणून ‘सर्वत्र एक’ म्हणजे ‘कोणी नाही’ असे समजावयाचे. शून्यवाद्यांना ही संकेतपद्धती रुचली नसती.

खरी गुंतागुंत यूएसबी उपकरणांत आहे, आणि अभ्यासकांचा संबंध मुख्यतः त्यांच्याशीच येत असल्याने येथे थोडे थांबले पाहिजे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातील मराठी आणि मोडी कागदांचा मोठा साठा आहे. तेथे परवानगीने घेतलेली छायाचित्रे एका स्मृतिकार्डावर ठेवून, कार्डवाचक लॅपटॉपला जोडून, एखादा अभ्यासक लिप्यंतर करीत बसला आहे अशी कल्पना करावी. बॅटरी उतरते, यंत्र शीतनिद्रेत जाते. वीज तुटल्यामुळे यूएसबीच्या लेखी सारी उपकरणे उपटली गेली. यंत्र उठते तेव्हा कार्डवाचक जागेवरच असतो, पण प्रणालीला तो ‘आत्ताच नवा जोडला’ असा दिसतो. मग जुन्या वाचकावर उघडी असलेली फाइल अधांतरी लोंबकळते आणि न लिहिलेला मजकूर जातो. ही गैरसोय टाळण्यासाठी लिनक्समध्ये ‘यूएसबी पर्सिस्ट’ नावाची व्यवस्था केली गेली; तिचे विवेचन ॲलन स्टर्न यांनी लिहिले आहे. उठल्यावर त्याच खाचेत जे उपकरण सापडेल त्याचे निर्माता-क्रमांक, उपकरण-क्रमांक आणि असल्यास अनुक्रमांक पूर्वीच्या नोंदीशी ताडावयाचे. जुळले तर ते तेच मानून मधला विरह झालाच नाही असे समजावयाचे.

याच विवेचनात धोक्याची सूचनाही दिली आहे. क्रमांक वाचकाचा असतो, त्यातील कार्डाचा नसतो. यंत्र निजलेले असताना कोणी वाचकातले कार्ड काढून दुसरे घातले, तर वाचक तोच असल्यामुळे प्रणाली फसते. जुन्या कार्डाची अनुक्रमणिका तिच्या स्मृतीत असते. ती तिच्या आधाराने नव्या कार्डावर लिहू लागते आणि दोन्हींचा मेळ नसल्याने नव्या कार्डावरचा मजकूर नष्ट होतो. ओळखीवरून एकत्व सिद्ध होते असे म्हणणाऱ्या नैयायिकांना बौद्धांनी कापून पुन्हा वाढलेल्या केसांचा आणि नखांचा दाखला दिला होता. ‘हे तेच केस’ असे माणूस म्हणतो खरे, पण ते केस तेच नसतात, तसलेच असतात. प्रत्यभिज्ञा सादृश्यावरही उभी राहू शकते. कार्डवाचकाच्या प्रकरणात बौद्धांची सरशी झाली आहे, असे मान्य करावे लागते.

मराठी वाचकाला यापेक्षा जवळचा दाखला तोतयाचा आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले याबद्दल लोकांच्या मनाची पुरती खात्री पटली नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक पुरुष प्रकट झाला. चौकशी झाली, तो कैदेत पडला, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात मोठे बंड माजवले आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर नाटक लिहिले. या प्रकरणात लक्षणीय गोष्ट अशी की, त्याला मिळालेला पाठिंबा केवळ भोळेपणाचा नव्हता. ज्यांना भाऊ परत यावयास हवे होते त्यांना थोड्या खुणाही पुरल्या. यूएसबीच्या व्यवस्थेतही ओळख पटावी अशीच सर्वांची इच्छा असते: वापरणाऱ्याची, प्रणालीची, उपकरणाचीही. म्हणून तेथे पुरावा कमी मागितला जातो, आणि म्हणूनच तेथे तोतयाला वाव आहे.

येथून तिसऱ्या आणि सर्वांत गंभीर प्रकाराकडे वळता येते. देह तोच, उपकरणे तीच, पण निजलेला असताना जग बदलले. मुचुकुंदाची कथा या प्रकाराची आहे. देवांसाठी लढून थकलेला तो राजा गुहेत निजला आणि उठला तेव्हा युग पालटले होते. त्याच्या स्वतःच्या ओळखीत काहीच खोट नव्हती; बाहेरची माणसे मात्र आकाराने लहान झालेली त्याला दिसली. मुचुकुंद शहाणा, त्याने कालाचे पालटणे ओळखले आणि तपाला निघून गेला. राज्यात परतून जुन्या हिशेबाने कारभार करू लागला असता तर अनर्थ झाला असता. संगणक तोच अनर्थ करतो. तो निजलेला असताना त्याची डिस्क दुसऱ्या प्रणालीने उघडून तीवर लिहिले, तर उठल्यावर तो आपल्या स्मृतीतील जुन्या अनुक्रमणिकेनुसार पुढे लिहू लागतो. एकच प्रतिमा दोनदा भरण्यातही हाच धोका आहे: पहिल्या जागृतीत डिस्कवर जे घडले ते दुसऱ्या जागृतीला ठाऊक नसते.

लिनक्सच्या शीतनिद्रेविषयीच्या जुन्या दस्तऐवजात या दोन संकटांची तुलना केली आहे आणि ती या विषयाचे मर्म सांगते. निजलेल्या यंत्राचे हार्डवेअर बदलणे ही काही चांगली कल्पना नव्हे, पण त्यामुळे यंत्र बहुधा फक्त कोलमडेल. डिस्कवरील मजकुराला मात्र मधल्या काळात हात लावला, तर त्या मजकुरावर पाणी सोडावे. म्हणजे ज्या बदलासाठी मुद्रा, नकाशे आणि ठसे यांची एवढी सिद्धता केली तो बदल तुलनेने सौम्य आहे. उठण्यास नकार दिला तर जाते ते केवळ तात्कालिक स्मृतीतले: अभ्यासकाची शेवटची दोन-चार पाने. भलत्या स्थितीत उठू दिले तर जाऊ शकते ते डिस्कवरचे: त्याची दहा वर्षे.

विंडोजच्या बाबतीत हा धोका नकळत वाढला. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तीत ‘शट डाउन’ ही आज्ञा दिली तरी यंत्र पूर्ण बंद होत नाही; उघडे कार्यक्रम मिटले जातात, पण प्रणालीचा गाभा शीतनिद्रेच्याच फाइलीत लिहून ठेवला जातो. वापरणाऱ्याला वाटते की यंत्र बंद आहे. वस्तुतः ते अर्धवट निजलेले असते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना याचा फटका बसू शकतो. त्यामुळे विंडोजचे असे निजलेले विभाग लिनक्समधून उघडताना एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर त्यांवर लिहू देत नाही. चौकशी करणारा येथे उठणारा नाही, शेजारी आहे. आणि दुसऱ्याच्या झोपेत त्याच्या घरात सामान हलवू नये एवढे सौजन्य त्याच्या अंगी बाणवले आहे.

मुद्रेचा प्रश्न याने संपला नाही. २०२२ साली तो एका अनपेक्षित दिशेने परत आला. आज पुष्कळ संगणक हे मुळी देहधारी नसतात. एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवली जातात. त्यांचा ‘देह’ म्हणजे यजमान यंत्राने रचलेला देखावा असतो. अशा यंत्राला शीतनिद्रेत पाठवून दुसऱ्या दिवशी निराळ्या यजमानावर उठवता येते. कथासरित्सागरात इंद्रदत्त मृत नंदराजाच्या देहात शिरला तेव्हा त्याचा मूळ देह मित्र राखीत बसला होता. शकटाल मंत्र्याला राजाच्या वागण्यावरून संशय आला आणि त्याने नगरातील सारी प्रेते जाळण्याची आज्ञा दिली. आभासी यंत्राचा परकायाप्रवेश इतका संकटमय नाही, पण नवी काया जुनीसारखीच रचली आहे ना, हे त्याला कळणे आवश्यक असते. मौज अशी की, प्रत्यक्ष लॅपटॉपवर अविश्वसनीय ठरलेली ती चार बाइटांची मुद्रा येथे विश्वसनीय ठरते, कारण देह रचणारा आणि मुद्रा लिहिणारा एकच असतो. डॉकिंगसारख्या किरकोळ कारणाने ती बदलत नाही, बदलली तर ती हेतुपूर्वकच बदललेली असते. म्हणून डेव्हिड वुडहाउस यांच्या सुधारणांनंतर लिनक्स आभासी यंत्रांच्या बाबतीत मुद्रा न जुळल्यास उठण्यास नकार देतो आणि प्रत्यक्ष यंत्रांच्या बाबतीत पूर्वीप्रमाणे केवळ इशारा देतो. एकाच खुणेला एका दरबारात निर्णायक आणि दुसऱ्यात केवळ सूचक मानण्याचा हा निवाडा विसंगत वाटेल, पण साक्षीचे मोल साक्षीदारावरून ठरवण्यात विसंगती नाही.

सिरुसेरीच्या त्या लॅपटॉपला अर्थात यातले काहीच जाणवत नाही. सकाळी तो पुन्हा डॉकमध्ये बसवला जातो. मेजे नेमून दिलेली नसतील तर हे कालचे मेज नसते आणि पडदाही कालचा नसतो. पडदा त्याच निर्मात्याचा आणि त्याच आकाराचा असतो, पण प्रत्येक पडदा आपला परिचय देताना स्वतःचा अनुक्रमांकही सांगू शकतो आणि तो निराळा निघतो. प्रणाली त्याला नवा पाहुणा समजते, काल उजवीकडे ठेवलेली खिडकी आज डावीकडे उघडते, आणि कचेरीत आलेला तो तरुण काहीसा वैतागून ती पुन्हा उजवीकडे ओढून घेतो.